कारखान्यातून निघाली तशीच?

२०२४ च्या मे महिन्यात एका शनिवारी रात्री मी आमच्या गाडीचे चांगले ब्रेक काढले आणि त्या जागी वाईट ब्रेक बसवले. पूर्ण शुद्धीत होतो. सोमवारी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी दाखवायची होती आणि ती कारखान्यातून निघाली तशी दिसायला हवी होती. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग, शेजारच्या काकूंची ॲक्टिव्हा बाजूला सरकवलेली, बाबा हातात बॅटरी धरून उभे, आणि मी चाकाशी बसून एक धडधाकट गाडी मुद्दाम कमी सुरक्षित करतोय. दीड वाजता बाबा म्हणाले, "हे आपण कशासाठी करतोय ते मला परत एकदा सांग." मला नीट सांगता आलं नाही. आता प्रयत्न करतो. राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गाडी प्रीमिअर पद्मिनी, १९८९ ची. बाबांनी १९९५ साली दादरच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. माझा जन्म त्यानंतरचा, म्हणजे घरात ती मला सीनिअर. २०१२ साली नवी गाडी आली आणि पद्मिनी कव्हरखाली गेली, पण बाबांनी तिचे कागद कधी सोडले नाहीत. मी मेकॅनिकलचा इंजिनिअर. चार वर्षं इंजिनाची पुस्तकं घोकली, व्हायव्हात ऑटो सायकल काढून दाखवली आणि नोकरी धरली हिंजवडीत जावा लिहिण्याची. माझ्या बॅचच्या निम्म्या मुलांची गोष्ट हीच आहे. आयुष्यातला पहिला कार्बोरेटर मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उघडला, जेवणाच्या टेबलावर, आईचा जुना टॉवेल अंथरून. डिग्री हातात येऊन दोन वर्षं झाली होती.

ऑफिसात तिला 'मसल कार' म्हणतात. चेष्टेनेच. १०८९ सीसी, जेमतेम चाळीस घोडे, आणि कात्रज चढताना त्यातलेही काही सुट्टीवर जातात. पण चेष्टा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो, कारण पुढच्या भांडणाचं मूळ तिथे आहे. मसल कार म्हणून ज्या गाड्यांचे पोस्टर आपण हॉस्टेलच्या भिंतीवर लावले, त्या प्रकाराची सुरुवात साधारणपणे १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्समध्ये तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिॲकच्या इंजिनिअर लोकांनी टेम्पेस्ट नावाच्या मध्यम गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-एट बसवलं आणि नियम चुकवण्यासाठी ते वेगळं मॉडेल न म्हणता 'ऑप्शन' म्हणून विकलं. त्याच्याही आधी अमेरिकेतली पोरं घरामागच्या शेडमध्ये जुन्या फोर्ड गाड्यांवर हेच उद्योग करत होती. ज्या गाडीला आज लिलावात 'अस्सल क्लासिक' म्हणून कोट्यवधी मिळतात, ती जन्मालाच मुळी एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत घातल्यामुळे आली.

आता आमची पद्मिनी. प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद या सोलापूरच्या माणसाने १९४४ साली काढलेली कंपनी. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या. (म्हणजे अस्सल अमेरिकन मसलचे चुलतभाऊ आपल्या कुर्ल्यात होऊन गेलेत.) मग फिॲट आली. ११०० डिलाइट या इटालियन गाडीचं इथे प्रेसिडेंट झालं आणि मग पद्मिनी. इटलीने ते मॉडेल कधीच सोडून दिलं, आपण ते विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत ओढलं. मधल्या काळात गिअर हँडलवरून खाली जमिनीवर आला, डिझेल इंजिन आलं. याच कंपनीने १९८५ साली ११८ एनई काढली. तिची बॉडी फिॲट १२४ ची आणि इंजिन निसानचं, ११७१ सीसी. हे इंजिन पद्मिनीत बसतं. बरीच बसवलीही गेली. ८२ सीसी जास्त, दहाएक घोडे जास्त. पाँटिॲकवाल्यांनी जे केलं तेच, फक्त आपल्या ऐपतीप्रमाणे.

आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी काय केलं ते आठवा. हजारो पद्मिनी पेट्रोलवरून सीएनजीवर गेल्या, कारण सरकारलाच ते हवं होतं. मिळेल त्या पार्टवर, मिळेल त्या रेडिएटरवर त्या चालल्या. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मधली. ती वयाची वीस वर्षं भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा सगळ्यांनी काळ्या-पिवळ्या फोटोंखाली हळवं होऊन लिहिलं. त्या टॅक्सीतला एकही पार्ट 'ओरिजिनल' होता का, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं. ती रोज चालत होती.

जुनी गाडी जगते ती बदलत बदलत. हवानातल्या १९५० च्या दशकातल्या शेवरोले रशियन इंजिनांवर चालल्या, नाना पेठेतल्या दुकानांमध्ये मारुतीचा पार्ट फिॲटला बसवून द्यायची अक्कल काऊंटरवर फुकट मिळते, आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मी स्वतः ट्रॅक्टरचा म्हणून विकायला ठेवलेला हॉर्न घेऊन आलोय. या गाड्या आजवर आपल्यापर्यंत पोचल्या त्या अशा जुगाडांच्या खांद्यावर बसून. आणि आज दोन मंडळी या जुगाडाच्या मुळावर उठली आहेत. एक कायदा. दुसरे माझेच गाडीवेडे भाऊबंद.

कायद्याआधी ताम्हिणीतला प्रसंग सांगायला हवा, नाहीतर मी हौसेपायी बोंब मारतोय असं वाटेल.

डिसेंबर २०२२. गाडी अडीच वर्षांच्या कामानंतर रस्त्यावर आली होती. पायाखालचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडलेला, हाफ इंजिन झालेलं, वायरिंग सगळं मी स्वतः ओढलेलं. बाबांना कोकणात जायचं होतं, त्यांच्या पद्मिनीतून. ताम्हिणी उतरताना, विळ्याच्या अलीकडे, ब्रेकचं पेडल मऊ पडायला लागलं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. लांबलचक उतारावर सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतो, लायनरची पकड जाते, आणि तुम्ही पेडल दाबत राहता पण गाडी ऐकत नाही. पुस्तकात याला 'फेड' म्हणतात, पाच मार्कांचा प्रश्न आहे. घाटात त्याला काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही. मी दुसरा गिअर टाकला, मग कसाबसा पहिला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. बाबा काहीच बोलले नाहीत. खाली उतरून त्यांनी चाकावर बाटलीतलं पाणी ओतायला घेतलं, आणि मी ओरडलो, कारण तापलेल्या ड्रमवर गार पाणी ओतलं तर तो तडकतो. आयुष्यात त्यांच्यावर ओरडलो ते तेव्हाच.

घरी आल्यावर ठरवलं: पुढे डिस्क ब्रेक. डिस्क उघडी असते, वारा लागतो, लवकर थंड होते. मारुतीची डिस्क आणि कॅलिपर घ्यायचे, मास्टर सिलिंडर बदलायचा, आणि मधे जोडायला एक ब्रॅकेट लागतो तो बनवून घ्यायचा. तीन रविवार मी मापं घेतली, लॅपटॉपवर ड्रॉइंग केलं, भोसरीच्या एका वर्कशॉपमधून जाड प्लेट कापून आणली आणि ऐटीत मिस्त्रींना दाखवली.

मिस्त्री म्हणजे बाबांच्या वेळेपासून गाडी बघणारे. वय सत्तरीच्या आसपास. गुलटेकडीतलं गॅरेज कधीच बंद झालं, आता त्या जागी मुलाचं मोबाईलचं दुकान आहे. रविवारी सकाळी ते येतात, काचेच्या ग्लासात चहा घेतात आणि मला इंजिनिअरसाहेब म्हणतात. त्या म्हणण्यात किती आदर असतो ते तुम्हीच ठरवा. त्यांनी ब्रॅकेट हातात घेतला, उलटसुलट केला, अंगठा एका भोकावर ठेवला आणि म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, कॉम्प्युटरला भोक कुठंही पाडता येतं. लोखंडाला कड लागते." भोक कडेच्या इतकं जवळ होतं की जोरात ब्रेक मारला असता तर प्लेट तिथूनच फाटली असती. माझ्या डिग्रीत हे शिकवलं होतं. मला प्रश्नपत्रिकेत आलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते.

दुसरा ब्रॅकेट त्यांच्या देखरेखीखाली झाला. गाडी आधी पार्किंगमध्ये, मग रविवारी पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर तपासली. थांबायची. सरळ रेषेत, न थरथरता, परत परत थांबायची.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा कोणताही बदल मालकाने करू नये. २००० सालच्या दुरुस्तीने हे असं घट्ट झालं. त्याआधी परवानगी घेऊन बदल करायला वाट होती. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा सौम्य निकाल रद्द करून यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आणलं: परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सुटका कशाला? मंजूर सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किटला, दिव्यांगांसाठी केलेल्या बदलांना, आणि रीतसर नोंद करून रंग बदलायला. इंजिन बदलायचं तर त्याच जातीचं. म्हणजे माझ्या पद्मिनीत ११८ एनईचं इंजिन नाही चालणार. एखाद्या नव्या मारुतीचं फ्युएल इंजेक्शनवालं, कॅटलिटिक कन्व्हर्टरवालं, कितीतरी कमी धूर सोडणारं इंजिन तर नाहीच नाही. १९८९ चा धूर कायदेशीर आहे, २०१५ ची स्वच्छ हवा बेकायदा. पर्यावरणाच्या नावाने जे चालतं त्यात मला सगळ्यात जास्त हसू याचं येतं.

डिस्क ब्रेकचं काय? नोंदणीपत्रात ब्रेकचा रकाना नसतो. मग कलम ५२ लागतं की नाही? आणि १८२अ मधला 'पार्ट बसवून केलेला बदल' यात ब्रेक येतो का? दोन वकील मित्रांना विचारलं, तीन मतं मिळाली. अपघात झाला तर विम्यावाला कोणतं मत धरेल ते मात्र दोघांनीही एकसुरात सांगितलं. म्हणून ती शनिवारची रात्र.

सोमवारी तपासणी झाली. कुठल्या कार्यालयात ते महत्त्वाचं नाही, सगळीकडे तेच असतं. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतला. इंजिन नंबर पाहिला. लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर. पाच-सात मिनिटं. गाडी चालत्या माणसापेक्षा जास्त वेगाने कुणी पळवली नाही, त्यामुळे ती थांबते का हे बघायचा प्रश्नच आला नाही. ही गाडी तीच आहे ना, याची कसून खात्री झाली. ही गाडी घाटात कुणाचा जीव घेईल का, याची नाही. मी दीड वाजेपर्यंत जागून जे ब्रेक बदलले त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

निघताना धीर करून विचारलं, "साहेब, समजा कुणाला पुढे डिस्क ब्रेक बसवायचे असतील, तर अर्ज कुठे करायचा?" त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "तोंडी विचारताय तोवर ठीक आहे. लेखी विचारलंत तर मला लेखी नाही म्हणावं लागेल." माणूस वाईट नव्हता. उलट त्यांनी मला वाचवलंच. पण त्या एका वाक्यात सगळी व्यवस्था मावते. करायचं असेल तर गुपचूप करा, चांगलं केलंत की वाईट हे कुणी तपासणार नाही, आणि तपासून घ्यायला स्वतःहून आलात तर अडकाल.

मी ज्या धंद्यात आहे तिथे दहा वर्षं जुना कोड रोज चालतो. बँका त्याच्यावर चालतात. त्याला कुणी हात लावू नका, २०१४ साली लिहिला तसाच ठेवा, असं कुणी म्हणालं तर त्याला मीटिंगमधून हाकलतील. बदल होतातच. नियम एवढाच असतो की तुझा बदल दुसरा कुणीतरी डोळ्यांखालून घालेल, शंका विचारेल, नोंद राहील, आणि मगच तो पुढे जाईल. माझ्या ब्रॅकेटचा असा दुसरा डोळा मिस्त्री होते. त्यांच्याकडे शिक्का नव्हता, पण चूक त्यांनी पकडली. ज्यांच्याकडे शिक्का आहे त्यांना ती बघायचीच मनाई आहे.

जर्मनीत जुन्या गाडीत बदल केला की ती तपासणी संस्थेच्या इंजिनिअरपुढे उभी करतात. टीयूव्ही हे नाव गाडीवाल्यांना माहीत असेल. तो बदल तपासतो, पटला तर कागदावर येतो, नाही पटला तर काढून टाक म्हणतो. फी घेतात, चांगली सणसणीत घेतात. जर्मन लोकांना गाड्यांच्या सुरक्षेची पर्वा नाही असा आरोप अजून कुणी केलेला नाही. आणि आपल्याकडे तपासणारं कुणी नाही असंही नाही. देशातल्या गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आपल्या पुण्यातच आहे. कोथरूडच्या ज्या टेकडीवर निम्मं पुणे सकाळी फिरायला जातं, तिला लोक एआरएआयची टेकडी म्हणतात ती याच संस्थेमुळे. कंपन्यांची मॉडेलं आणि किट तिथे तपासली जातात. एका माणसाची एक गाडी घेऊन जावं आणि माझा हा बदल तपासून द्या म्हणावं, अशी खिडकी मात्र कायद्याने कुठे उघडलेलीच नाही. मागणी तेवढीच आहे. खिडकी उघडा. फी लावा. नापास करायचा हक्क ठेवा. मी पहिला ब्रॅकेट घेऊन गेलो असतो तर मला नापासच करायला हवं होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आपल्याकडे पैसे खाऊन शिक्के मारतील. मारतील काही जण. पण आज काय चाललंय? आज शिक्काच नाही. फर्ग्युसन रस्त्यावर रात्री फटफटत जाणाऱ्या बुलेटचा सायलेन्सर कुठल्या परवानगीने बदललाय? पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, त्याचे व्हिडिओ येतात. मी ते आवडीने बघतो, परत परत बघतो. दुसऱ्यांच्या कानाचा आणि झोपेचा बळी घेणारा बदल आणि गाडी लवकर थांबवणारा बदल, दोन्ही एकाच माळेत ओवले की काय होतं? सायलेन्सरवाल्याला तशीही लाज नसते, तो चालूच ठेवतो. ज्याला कायद्याची भीती वाटते तो ब्रेक काढून ठेवतो.

जुन्या गाड्यांना सूटही आहे, पण ती कुणासाठी ते बघा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. आणि ती रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं, एवढंच. ज्यांच्या बंगल्यात सहा गाड्या झाकून ठेवायला जागा आहे त्यांना हा नियम छान आहे. राजेरजवाड्यांच्या गाड्या जपल्या जाव्यात, माझा विरोध नाही. पण आमच्या पद्मिनीला पन्नास वर्षं २०३९ साली होतील. तोपर्यंत ती विंटेज नाही, नुसती म्हातारी आहे. आणि म्हातारी असण्याची फी वाढत चाललीय. २०१९ साली बाबांनी नूतनीकरणाचे ६०० रुपये भरले. एप्रिल २०२२ पासून ते ५ हजार झाले, २०२४ साली मी भरले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १० हजार केले, ते मी २०२९ साली भरेन. पर्यावरण कर वेगळा. आहे तशी ठेव, सुधारू नकोस, आणि आहे तशी आहे म्हणून दंड भर. यातलं काहीतरी एक निवडा ना.

धुराचा मुद्दा मला मान्य आहे. माझी गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते. वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते, हे त्यावरचं पूर्ण उत्तर नाही, हेही मान्य. कर घ्या. पण धूर कमी करायची वाटही बंद करून वर कर घेत असाल तर त्याला धुराची काळजी म्हणू नका.

आता माझे भाऊबंद. हे बोलायला जास्त जड जातं, कारण पार्ट शोधायला मी यांच्याच दारात जातो. मागच्या वर्षी एका सकाळी जुन्या गाड्यांचा मेळा होता, मीही पद्मिनी घेऊन गेलो. माझ्याच वयाचा एक जण आला, गुडघ्यावर बसला, बोनेटमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, "रेडिएटरच्या पाइपला क्लिप चुकीची आहे. कुर्ल्याहून वेगळी यायची." मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. त्याची गाडी शेजारीच होती. रंग असा चकचकीत की कारखान्यात कुणी स्वप्नातही मारला नसेल, डिकीत मूळ टूलकिट, सीटवर प्लास्टिक. 'मी रिस्टोअर केली' म्हणाला. कुणाकडून, ते विचारल्यावर बोलणं दुसरीकडे वळलं. डेंटरचं नाव नाही, पेंटरचं नाव नाही, इंजिन बांधणाऱ्याचं नाव नाही. ट्रेलरवरून आली होती, ट्रेलरवरूनच गेली.

'ओरिजिनल' या शब्दाचा यांनी देव केलाय. कुठली ओरिजिनल? इटलीतली? १९७४ ची? हँडलवरच्या गिअरची की जमिनीवरच्या? ज्या गाडीची कंपनीच वीस-पंचवीस वर्षं ती बदलत राहिली, तिचा नेमका कोणता दिवस खरा धरायचा? आणि मधल्या चाळीस वर्षांत ज्या मिस्त्रींनी ती चालती ठेवली त्यांचं काम हे लोक 'बिघडवणं' समजतात. गाडी विकत घेतल्यावर यांचं पहिलं काम म्हणजे मिस्त्रीच्या हाताच्या खुणा पुसणं. आमच्या डॅशबोर्डखाली मिस्त्रींनी १९९८ साली बसवलेला एक स्विच आहे. पंखा वेगळा चालू करायला, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापू नये म्हणून. तो काढून टाकावा असा सल्ला मला तीन जणांनी दिला. त्या स्विचमुळे इंजिन वाचलंय.

कायद्याला आणि यांना एकच गाडी हवी आहे, कारखान्याच्या दारात उभी असलेली. तिच्यात कुणी बसलं नसावं, ती घाट उतरलेली नसावी, तिला कधी गंज लागलेला नसावा. वाचणाऱ्यांपैकी काही जणांच्या घरी आजोबांची चेतक किंवा मामाची येझदी झाकून ठेवलेली असेल. ती काढायचा विचार असेल तर एक विनंती. तिच्यावर ज्यांनी काम केलंय त्यांना आधी शोधा. यूट्यूब नंतर. ते सत्तरीत आहेत, आणि त्यांना जे येतं ते कुठेही लिहिलेलं नाही.

डिस्क, कॅलिपर आणि तो दुसरा ब्रॅकेट सध्या माझ्या पलंगाखाली एका खोक्यात आहेत, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून. आईने दोनदा विचारलंय, भंगारात द्यायचं का. गाडी ड्रमवर चालते, म्हणजे बिबवेवाडी ते स्वारगेट आणि रविवारी फार तर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत. वर नाही नेत. बाबा अधूनमधून कोकणाचा विषय काढतात, मी पावसाचं कारण सांगतो. मार्चमध्येही सांगितलं. या रविवारी मिस्त्री येणार आहेत, पुढच्या डाव्या चाकाचे लायनर घासलेत आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.